मेनचा खटका खाली होता

ता. ९ मे, शुक्र.

काल संध्याकाळी यावलकडे वादळ झालं. इकडे जळगावात नुसती धूळ आणि पाच-दहा थेंब. स. ६ ला प्रल्हादचा फोन. यावलच्या पुढे रावेर रस्त्याला केळीच्या मळ्यात घर आहे त्याचं. जनरेटर सहा वर्षांपूर्वी मीच बसवलेलं.

"नाना, लाईट कालपासून नही. जनरेटर चालू व्हतं, पन घरात काहीच येत नही. अक्काचं मशीन बंद आहे."

अक्का म्हणजे त्याची आई. ऐंशीची. फुप्फुसं निकामी, चोवीस तास ऑक्सिजनच्या मशीनवर. घरात सिलिंडर एकच, तो नऊ-दहापर्यंत पुरेल म्हणाला.

हत्यारांची पिशवी घेऊन निघालो. कोपऱ्यावरून परत आलो, गॅस बंद केला का बघायला. सिंधू म्हणाली, "अहो, गॅस मी पेटवलाच नाही अजून. जा आता."

यावल स्टँडवर प्र. मोटारसायकल घेऊन उभा. वाटेत केळी बघवत नव्हती. बागाच्या बागा एकाच बाजूला आडव्या. प्र.च्या घराकडे येणारे शेवटचे दोन खांब फक्त त्याच्यासाठीच आहेत. त्यांच्यामधली तार तुटून केळीत पडलेली. गावाची लाईट आली तरी त्याची दोन-तीन दिवस येणार नाही.

जनरेटर पहिल्या दोरीला चालू. व्होल्टेज ठीक. म्हणजे बिघाड पुढे. चेंजओव्हर उघडला तर आत कोळसा. खांबावरची लाईट आणि जनरेटर यांना एकत्र येऊ न देणारी घरात ती एकच वस्तू, आणि तीच जळालेली. यावलच्या दुकानदाराला फोन केला. त्याच्याकडे हा माल नाही, जळगावहूनच आणावा लागेल.

आत अक्काचे ओठ जांभळे. बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ८३. सिलिंडरचा काटा तांबड्यात, यावलहून दुसरा येईपर्यंत पुरणार नव्हता. प्र.ची बायको नुसती माझ्याकडे बघत होती.

चाळीस वर्षं जे लोकांना करू नका म्हणून ओरडलो, ते केलं. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवली. एक टोक जनरेटरला, दुसरं स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगमध्ये. त्याआधी वीज उलटी खांबावर जाऊ नये म्हणून मेनचा खटका खाली ओढला. प्र.ला दोनदा आणि त्याच्या बायकोला एकदा बजावलं, हा खटका वर करायचा नाही, लाईट आली का बघायलासुद्धा नाही. खडूने मेनवर लिहिलं: हात लावू नये.

मशीन सुरू झालं. अर्ध्या तासाने अक्का ९१.

पण जनरेटर कण्हत होतं. आवाज चढायचा, पडायचा. बल्बही तसाच. घरात भार एवढाच, ऑक्सिजनचं मशीन, फ्रीज, एक पंखा. एवढ्याला कण्हायचं कारण नाही. अक्का नाकात नळी असतानाच म्हणते, "नाना, हे तं माह्यापेक्षा जास्त धापा टाकते!" सगळे हसले. मीही.

जनरेटर दहा मिनिटं थांबवलं, तेवढा वेळ अक्का सिलिंडरमधल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनवर. कार्बोरेटर काढला, पेट्रोलच्या जेटमध्ये कचरा सापडला. साफ केला. इंजिनाचा वेग धरणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू थोडा आवळला. चालू केल्यावर बरंच स्थिर. चेंजओव्हर घेऊन उद्या येतो म्हणून निघालो.

यावलच्या स्टँडवर आल्यावर प्र.ला फोन, खटका खालीच आहे ना? "खालीच आहे नाना. तुमी चहा घ्या."

ता. १० मे, शनि.

चेंजओव्हर आणला. दुकानातच तीनदा खटका वरखाली करून पाहिला. दुकानदार म्हणाला, नाना, मुलगी बघताय का?

जाणार होतो. सिंधूच्या डोळ्याची तपासणी आजचीच, पंधरा दिवसांपूर्वी नंबर लावलेला. सून माहेरी. सिंधू म्हणाली, मी एकटी जाईन. थेंब घातल्यावर तिला काही दिसत नाही. एकटी कशी सोडणार.

प्र.ला फोन केला. सगळं चालू. "पेट्रोल मात्र भलतं खाऊ राह्यलं नाना." मी म्हणालो, जुनं झालंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, पावसाळ्यानंतर इंजिन खोलू. लाईटवाले उद्या येणार म्हणे, रविवार असला तरी. मग मी सोमवारी आलो तर चालेल का? चालेल म्हणाला.

पाठ दुखते. लवकर झोपतो.

ता. ११ मे, रवि.

दु. १२. प्र.चा फोन. वायरमन खांबावरून फेकला गेला.

प्र. धापा टाकतच बोलत होता. वायरमन सकाळी दहाला आला. नाव हिरामण, तिशीचा, ठेक्यावर आहे. डीपीवरून लाईट बंद केली. सबस्टेशनला फोन करून सांगितलं. मग खांबावर चढला. घराकडची तुटलेली तार खालून दोरीने वर ओढून घेतली, हातात धरली, आणि. पंधरा-वीस फुटांवरून खाली. आडव्या केळीवर पडला म्हणून वाचला. उजवा हात भाजलाय, कमरेला मार. जीपमध्ये घालून नेलं.

मी उभाच होतो. चहा गार झाला. सिंधू विचारत होती काय झालं.

सबस्टेशनच्या ऑपरेटरने लाईट सोडली म्हणतात. विजय नावाचा आहे. गावातले लोक तिकडे गेले. त्याची कॉलर धरली, थोबाडीत मारल्या. त्याने त्याच वेळेला दुसऱ्या लाईनला लाईट सोडलेली, वहीत वेळ लिहिलेली आहे. लोक म्हणतात चुकीचा खटका ओढला.

मलाही त्याचा संताप आला. माणूस खांबावर असताना!

दु. ३. जेवण जात नाही. प्र.ला परत फोन केला, अक्का कशी आहे विचारायला. तर तो म्हणाला, अक्का बरी आहे, त्या टायमालाच थोडी घाबरली होती.

"कोणत्या टायमाला?"

"वायरमन पडला ना, तवाच आपलं जनरेटर झटका देऊन बंद पडलं. अक्काचं मशीन बंद. मी पयले जनरेटर चालू केलं, मंग वायरमनकडे धावलो."

फोन हातात तसाच. खाटेवर बसलो.

जनरेटर उगाच बंद पडत नाही. खांब लोखंडी आहे. जनरेटरची तार लोखंडाला लागली तर इंजिन असंच धक्का खाऊन बंद पडतं.

पण खटका खाली होता. मी माझ्या हाताने ओढला होता.

प्र.ला म्हणालो, मेनचा खटका बघ. तो गेला, परत आला. "खालीच आहे नाना. खडूचं बी तसंच आहे."

मग कसं? खटका खाली आहे ना. मग कसं.

प्र.ला म्हणालो, आत्ताच्या आत्ता ती वायर काढ. तो म्हणतो, अक्काचं काय? यावलहून सिलिंडर आण म्हणालो, दोन आण, पण ती वायर काढ. सिलिंडर येईपर्यंत कुणाला केळीकडे जाऊ देऊ नको. कारण विचारू नको. त्याने चुलतभावाला पाठवलं. पाचला फोन आला, सिलिंडर लावला, वायर काढली. तोवर मी नुसता येरझारा घालत होतो.

ता. १२ मे, सोम.

पहिल्या एस.टी.ने गेलो. प्र.चं घर लांबून दिसलं. आधी मळ्यात गेलो.

तार अजून केळीत पडलेली. घराकडून येणारी. तिचं टोक जिथे चिखलात आहे, तिथे हातभर जमीन वाळून भेगाळलेली. भोवती सगळा ओला चिखल आणि मध्ये भाजल्यासारखा कोरडा गोल. वरची पानं तपकिरी पडलेली.

बघून मी खाली बसलो. प्र. म्हणतो काय झालं नाना, चक्कर आली का?

शुक्रवारपासून रविवारपर्यंत ही तार जिवंत होती. जनरेटर घराला कमी आणि ह्या चिखलाला जास्त वीज देत होतं. म्हणून कण्हत होतं. म्हणून पेट्रोल खात होतं. आणि मी कार्बोरेटर साफ केला! गव्हर्नर आवळला, की कण्हू नये. म्हणजे माझ्या हाताने जोर वाढवून दिला.

पडलेली केळी कापायला दहा बायका आज येणार होत्या. प्र.ने शुक्रवारीच सांगून ठेवलेलं. वादळामुळे त्यांच्या घरचेही पत्रे उडाले म्हणून त्या शनि-रवि आल्या नाहीत. अनवाणी येतात त्या.

घरात मेन उघडला. खटका खाली. आत दोन पात्या. एक सुटलेली, दुसरी जागेवरच. जुना डबा, वादळात पाणी शिरलेलं, त्याआधी कधी तरी गरम होऊन पाती वरच्या चिमट्याला चिकटलेली. खटका खाली येतो, दांडा फिरतो, पाती येत नाही. बाहेरून बघितलं तर बंद. आतून चालू. चिकटलेली पाती नेमकी फेजची, म्हणजे जिवंत तारेची.

हे कळायला टेस्टर पुरे होता. पण शुक्रवारी लाईट नव्हतीच, म्हणून खटका ओढल्यावर टेस्टर लावून काही दिसलं नसतं. नियम असा की जनरेटर चालू झाल्यावर मेनच्या वरच्या, म्हणजे खांबाकडच्या बाजूला टेस्टर लावायचा. तिथे काही दिसलं तर मेन खराब. दुसऱ्यांना मी हे शिकवलंय. त्या वेळी अक्का ९१ झाली, सगळे हसले, आणि मी कार्बोरेटर धरून बसलो. टेस्टर वरच्या खिशात होता.

प्र.ला सगळं सांगितलं. तो डब्याकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "हे कोनाले सांगू नका."

"अरे, त्या ऑपरेटरला..."

"ऑपरेटर सुटंल. त्याची युनियन आहे. आपल्याले कोन आहे? पोलीस येतील, जनरेटर नेतील, मीटर कापतील. मंग अक्काले काय लावू, पंखा घालत बसू?" मेनचा डबा काढून विहिरीत टाकतो म्हणाला. मी पिशवीत घातला. का घातला माहीत नाही.

नवा मेन, नवा चेंजओव्हर बसवला. स्क्रू तीनदा पडला. जनरेटर चालू करून टेस्टर वर लावला, खाली लावला, परत वर लावला. वर काही नाही. अक्काला सिलिंडरवरून मशीनवर घेतलं.

अक्का सगळं ऐकत होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निघताना मला हाक मारली. नळी नाकातून थोडी बाजूला केली. "माह्यासाठी लोकाचं पोरगं पाडलं का रे नाना?"

प्र. म्हणाला, अक्का, नळी लाव.

ता. १३ मे, मंगळ.

पेपरात आलं. चार ओळी. ऑपरेटरला कामावरून बाजूला केलं, चौकशी होणार.

मेनचा डबा पलंगाखाली ठेवला होता, सिंधूला केर काढताना सापडला. मग तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी मी एकटी डोळ्याला गेले असते तर." मी ओरडलो तिच्यावर. तिचा काय दोष. ती उठून भाजी निवडायला बसली, आणि मला दिसलं की निवडलेली मेथी परत न निवडलेल्यात टाकत होती.

मी सातवी शिकलेला माणूस. कागद नाहीत, लायसन नाही. हाताने शिकलो, लोकांनी विश्वास ठेवला. डॉक्टर, वकील, सगळ्यांच्या घरी माझा नंबर भिंतीवर लिहिलेला. आज दोन फोन आले, एक महाबळचा, एक पिंप्राळ्याचा. घेतले नाहीत. मग वाटलं त्यांच्याकडेही मेन जुना असेल. दोघांना फोन करून सांगितलं, मेन बदलून घ्या, आत्ता. ते गोंधळले. एक म्हणाला, नाना, जनरेटर चालू होत नाही, मेनचं काय?

ता. १४ मे, बुध.

जेवलो नाही. डोळे मिटले की तो कोरडा गोल दिसतो.

ता. १५ मे, गुरु.

धुळ्याला गेलो. हिरामण मूळचा तिकडचा, म्हणून घरच्यांनी त्याला धुळ्याच्या दवाखान्यात हलवलंय. प्र.ने पत्ता काढून दिला नाही. यावलच्या दुसऱ्या वायरमनकडून मिळवला. एरंडोल, पारोळा, सगळी वाट एकच वाक्य घोकत होतो.

वॉर्डात गर्दी. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. तोंडावर ओरखडे, केळीच्या पानांचे असतील. बायको सुनंदा डब्यातून वरण भरवत होती. मी सफरचंदं नेली होती, ती कुठे ठेवायची कळेना.

मी धुळ्याचाच, जळगावला राहून चाळीस वर्षं झाली. त्याच्याशी बोलताना आपोआप घरची अहिराणी बोली आली. आई गेल्यापासून कुणाशी बोललो नव्हतो.

म्हणालो, "हिरामण, तुले जो शॉक बसना, तो मना जनरेटरना व्हता."

सगळं सांगितलं. पाती, वायर, कार्बोरेटर. सुनंदाचा चमचा थांबला. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि देऊ देत. हिरामण छताकडे बघत राहिला. मग हसला, दुखलं म्हणून अर्ध्यात थांबला.

"मंग तो इजय काबरं मार खाई ऱ्हायना?"

"तेच ते सांगाले जास मी हापिसमा. लिखी देस."

त्याने बायकोला दार लोटायला सांगितलं. वॉर्डाला दार कुठलं, तिने पडदा ओढला.

"नाना, एक सांगू? साखळी गाडीमाच व्हती."

मी समजलो. खांबावर चढायच्या आधी तारेवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची असते. मग कुठूनही वीज आली तरी ती जमिनीत जाते, माणसात नाही. त्याने टाकली नव्हती.

"दोन खांब, एकच घर. मी म्हनं, तठून काय येणार शे? गरमी व्हती. एकच हातमोजा व्हता, दुसरा फाटेल." थोडा थांबला. "आते बठ्ठा लोक इजयले इचारतस. तुम्ही लिखी दिधं ते पहिलं माले इचारतीन, साखळी कोठे व्हती? मी ठेकाना मानूस. मनीच चूक निंघनी ते दवाखाना बंद, काम बंद. दोन पोरी शेत माले."

सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाना, तुम्ही वडीलधारा मानूस. तुमले काय सांगाव? पन यास्ना हात दखा."

हात मी बघितलाच होता. डॉक्टर म्हणतात दोन बोटं राहतील की नाही सांगता येत नाही.

येताना पारोळ्याला उतरायचं नव्हतं, उतरलो. पाणी प्यायलो. पुढच्या एस.टी.ची वाट बघत बसलो. मी माफी मागायला गेलो होतो. माफी मिळालीच म्हणायची. वर हे साखळीचं घेऊन आलो.

ता. १६ मे, शुक्र.

प्र. आला. केळीची फणी घेऊन. सिंधूने घेतली नाही, ती बाहेर ओट्यावरच राहिली. प्र. म्हणाला, "हिरामन बी नको म्हंते, मी बी नको म्हंतो. तुमाले एकट्यालेच काय पुन्य लागलं?"

मी म्हणालो, विजय?

"त्याले थोडे दिवस घरी बसनं पडंल. हात तं जात नही त्याचा."

बरोबर आहे की नाही मला ठरवता येत नाही. तो गेल्यावर सिंधूला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही रात्री कुशी बदलता, मी मोजत नाही. पण तुम्ही खरं सांगून आलात तर मी डबा करून देईन, आणि नाही गेलात तरी करून देईन."

ता. १७ मे, शनि.

स. विजयच्या घरी गेलो. का गेलो सांगता येत नाही. यावलात भाड्याची खोली. दारात उभा राहिलो. मुलगी अंगणात अभ्यास करत होती, म्हणाली पप्पा बाहेर येत नाहीत. मी म्हणालो जनरेटरवाला आहे, चुकून आलो. खिडकीतून तो दिसला. भिंतीकडे तोंड करून बसलेला. डोळ्याखाली अजून काळं.

तिथून परत जळगावात येईपर्यंत ठरलं.

कागद लिहायला घेतला. तीन फाडले. चौथ्यात सगळं लिहिलं: ९ तारखेला काय केलं, मेन कसा खराब होता, कार्बोरेटर, १५ तारखेला धुळ्याला जाऊन वायरमनची माफी मागितली, सगळं क्रमाने. साखळीचं लिहिलं नाही. ती माझी गोष्ट नाही. मी जे केलं तेवढंच मी लिहायचं. असं ठरवल्यावर बरं वाटलं. भाकरी खाल्ली.

ता. १९ मे, सोम.

लाईटच्या ऑफिसात गेलो. मेनचा डबा पिशवीत. बाकावर दीड तास. साहेब तरुण, माझ्या मुलाच्या वयाचा. कागद वाचला, परत वाचला. डबा टेबलावर ठेवला. मी खटका खालीवर करून दाखवला. त्याने स्वतः केला. आत डोकावला. नुसतं "अरे बापरे" म्हणाला. शिपायाला बोलावून दाखवलं.

"नाना, तुमच्यावर केस होऊ शकते. माहीत आहे ना?"

"हो."

"आणि तरी आलात."

त्याने सही घेतली. मग पेन खाली ठेवलं.

"वायरमनने साखळी टाकली होती?"

"मी तिथे नव्हतो साहेब."

"ते मी विचारलं नाही." कागदावर बोट ठेवलं. "तुम्ही इथे लिहिलंय, पंधरा तारखेला धुळ्याला जाऊन त्याला भेटलात. तो काय म्हणाला?"

एवढं सांभाळून लिहिलं, आणि धुळ्याचं का लिहिलं! माफी मागितली हे कुणाला तरी कळावं म्हणून? पाणी मागितलं. शिपाई पाणी आणायला गेला, साहेबांना वरून बोलावणं आलं. फाईल बंद केली. म्हणाले गुरुवारी अकराला या, तेव्हा वायरमनचा जबाबही धुळ्याहून आलेला असेल, दोन्ही समोर ठेवून बोलू.

फाटकाशी विजय उभा. त्याला कुणी तरी कळवलेलं. मुलगी बरोबर. पाया पडायला वाकला, मी मागे सरकलो, कुंपणाला धडकलो. तो म्हणाला, "नाना, फक्त जे खरं आहे ते सगळं सांगा. एवढंच. मी साहेबांना पहिल्या दिवसापासून सांगतोय, साखळी असती तर हे झालंच नसतं."

त्याला माहीत आहे. तोही चुकीचं बोलत नाही.

घरी आलो. सिंधूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चेहरा बघा तुमचा, आधी बसा."

सं. ६. सुनंदाचा फोन धुळ्याहून. मागे वॉर्डातला गलका.

"नाना, साहेब काय इचारनात?"

"गुरुवारले बलायेल शे."

"साखळीनं इचारं का?"

"हा."

"मंग तुम्ही काय सांगशात?"

मी काही बोललो नाही. ती म्हणाली, हॅलो. मी म्हणालो, ऐकस. मागे कुणाची तरी ट्रॉली गेली, कुणी नर्स हिरामणचं नाव घेऊन ओरडली, औषधाची वेळ झाली म्हणून. फोन मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.